कंसात टाकलेली बाई

टंकलेखिकेचं वय बावन्न, कमरेला पट्टा, आणि गेली बावीस वर्षं काम एकच: महिला संस्थेतल्या चर्चांचं ध्वनिमुद्रण ऐकायचं आणि शब्दन् शब्द उतरवायचा. सुरुवातीच्या बाया कायद्यात समान हक्क मागत. त्यांच्या मागून आलेल्या म्हणाल्या, कायद्याचं काय घेऊन बसलात, चुलीपुढच्या राबण्याचं बोला. मग कोणी देहाचा विषय काढला, आणि हल्लीच्या पोरी तर विचारतात, बाई म्हणजे नेमकी कोणती बाई? एकमेकींशी कडाकडा भांडत, पण हिला सगळ्याच पटत. घरी नवरा पहिल्यांदा स्वतःचं ताट उचलायला शिकला तो हिने हे सगळं ऐकल्यामुळेच.

पद्धत ठरलेली. कोण बोललं ते डावीकडे, काय बोललं ते उजवीकडे. खोकला, खुर्चीची करकर, फुटलेली बशी, असलं काही आलं की कंसात 'व्यत्यय'.

या खेपेच्या चर्चेचं पुस्तक निघायचं होतं. विषय घरकामाचं मोल. अध्यक्षबाई अगदी रंगात आल्या होत्या, तेवढ्यात ध्वनिमुद्रणात कप उचलणाऱ्या सफाईवालीचा आवाज आला.

"बाई, तुम्ही इथं बोलता तेव्हा तुमच्या सासूबाईंचं अंथरूण कोण बदलतं? माझी सून. तीन महिन्यांचं लेकरू घरी टाकून. तिला रविवारची तरी सुट्टी द्या की."

मग हशा. मग अध्यक्षबाई, "बरं बरं, आधी साखर आण."

टंकलेखिकेने ते जसंच्या तसं उतरवलं. अध्यक्षबाईंनी त्यावर लाल रेघ मारली. "अगं, व्यत्यय लिही. वैचारिक पुस्तक आहे, चव्हाटा नाही."

किळस आली तिला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि पाषाण तरी कसा, अत्तर लावलेला. कागद घेऊन ती तरातरा मोरीकडे गेली.

"हे मी छापायला लावणारच," तिने सफाईवालीला सांगितलं.

सफाईवाली कप विसळत राहिली. "आता होय? बायकांच्या आरोग्यावर बोलत होत्या तेव्हा मी म्हटलं, इथल्या संडासाला कडी नाही. वारसाहक्काच्या वेळीही बोलले. तेव्हा काय लिहिलंत?"

तेव्हा कोणी लाल रेघ मारली नव्हती. हिनेच आपण होऊन कंस घातले होते आणि पुढच्या वाक्याकडे वळली होती. अध्यक्षबाईंची आलेली सगळी किळस उलटून तिच्याच तोंडात आली, कडूजहर.

"लिहायचं तर लिहा," सफाईवाली म्हणाली. "पण सुट्टीचं त्यांच्याशी तोंडानं बोला. त्या आत बसल्यात. बोलाल?"

बावीस वर्षांत टंकलेखिका त्या खोलीत एक वाक्य बोलली नव्हती.

"बोलते," ती म्हणाली.

सफाईवालीने नळ बंद केला. "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."