चि. रादुलचा शुभविवाद

माझ्या धाकट्या बहिणीचं, मीनाचं लग्न एका फाईलीमुळे मोडायच्या बेतात आलं होतं. घरचे म्हणतात, फाईलीमुळे नाही, माझ्यामुळे. पण घरचे तांत्रिक बाबतीत जरा कच्चे आहेत.

लोक पेन ड्राइव्ह दोरीने गळ्यात अडकवून ऐटीत फिरायचे, तो हा काळ. आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात नुकतेच राहायला आलो होतो. घरात कॉम्प्युटर मी आणला, त्यामुळे घरातला कॉम्प्युटर एक्सपर्टही मीच. (निवडणूक वगैरे झाली नव्हती. दुसरा उमेदवारच नव्हता!) अशात मीनाचं लग्न ठरलं. मुलगा डोंबिवलीचा, नाव राहुल, वडील वकील. बाबा म्हणाले, "संदीप, पत्रिकेचं तू बघ." आणि नेमके त्याच रविवारी ठाण्याहून ताई आणि भावोजी जेवायला आले. भावोजींच्या ऑफिसातही कॉम्प्युटर होता. म्हणजे उमेदवार दोन झाले.

मजकूर भावोजींनीच आमच्या कॉम्प्युटरवर बसून वर्डमध्ये टाईप केला. सुंदर केला. वाद पेटला तो त्यानंतर.

"आता हीच फाईल प्रेसला देऊन टाक," भावोजी म्हणाले.

"वर्ड?" मी दचकलो. "भावोजी, वर्ड म्हणजे वाळूचा किल्ला! दुसऱ्या मशीनवर उघडला की कोसळला. पीडीएफ करायची. पीडीएफ म्हणजे सिमेंट. एकदा बसलं की ब्रह्मदेवाला हलवता येणार नाही."

"आणि चूक निघाली तर? ब्रह्मदेवाला बोलावणार?"

"चूक निघेलच कशी?"

"अरे, वर्डमध्ये जागच्या जागी दुरुस्ती करता येते!"

"तेच तर म्हणतोय! तुम्हाला करता येते, तशी प्रेसवाल्यालाही करता येते. रस्त्यावरच्या कुणालाही करता येते! उद्या आमच्या मीनाचं लग्न भलत्याशीच लावून देतील."

आई श्रीखंडाचं पातेलं हातात घेऊन कधीची उभी होती. ती म्हणाली, "पत्रिका पाकिटात घालतात ना रे? मग ही फाईलीत कशाला घालताय?"

शेवटी बाबांनी सिमेंटच्या बाजूने कौल दिला. भावोजींनी श्रीखंडाची दुसरी वाटी नको म्हटली. जावयाने आमच्या घरात श्रीखंड नाकारल्याची ही पहिलीच घटना! आईने माझ्याकडे असं काही बघितलं, की माझ्याही वाटीतलं श्रीखंड आंबट झालं.

आता एक बारीकशी अडचण होती. पीडीएफ करायची सोय आमच्या कॉम्प्युटरवर नव्हती. (हे मी भावोजींसमोर बोललो नाही. युद्धात सगळं सांगायचं नसतं.) मी पेन ड्राइव्ह गळ्यात घालून कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलो. तिथे फाईल उघडली, तर पत्रिकेत नुसते कंस, टक्के आणि उलटी प्रश्नचिन्हं.

"आपका वाला फॉन्ट इधर नहीं है," सायबरवाला म्हणाला. "मराठी का दूसरा है. लगा दूँ? सेमच आहे."

त्याने लावला. जादूच झाली! मराठी अक्षरं झरझर उमटली. वर गणपती, खाली आई-बाबांची नावं, सगळं जिथल्या तिथे. मी पीडीएफ केली आणि वाचली का? नाही वाचली. मी ती बघितली. पीडीएफ बघायलाच इतकी छान दिसते, की वाचणं म्हणजे तिच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं.

घरी आल्यावर सगळ्यांना स्क्रीनवर दाखवली. बाबांनी चष्मा लावून 'दत्ताराम' तपासलं. आईने 'सुनंदा' तपासलं. मीनाने 'मीना' तपासलं. मी तर 'आपला नम्र, संदीप' तीनदा वाचलं. सगळ्यांची नावं अचूक! एकमताने मंजूर.

भाईंदर पश्चिमेला जिग्नेशभाईंची छोटी प्रेस होती. ते म्हणाले, "संदीपभाई, वर्ड का फाइल भी दे के रखो ने. लास्ट मिनिट पे कुछ चेंज आया तो?"

मी हसलो. कीव आल्यासारखं. "जिग्नेशभाई, इसमें चेंज होता ही नहीं. वही तो खासियत है!"

पत्रिका छापून आल्या. बाबांनी व्याह्यांचा गठ्ठा उचलला आणि प्रेसमधून थेट डोंबिवलीला पोचवून आले. आमचा गठ्ठा मी घरी आणला. पहिली पत्रिका गणपतीसमोर ठेवायची म्हणून आईने हळदकुंकू लावलं, आणि मोठ्याने वाचायला घेतली.

"चि. सौ. कां. मीना आणि चि. रादुल..." आई थांबली. "रादुल कोण?"

"राहुल गं! नीट वाच."

"नीटच वाचतेय. रादुल लिहिलंय. 'यांचा शुभविवाद...'"

मी झडप घालून पत्रिका ओढली. शुभविवाद! आणि थोडं खाली, 'आपण सदकुटुंब सदपरिवार येऊन विवादाची शोभा वाढवावी.' त्याखाली ठळक अक्षरात 'विवादस्थळ'. त्याच्याखाली, 'कृपया आदेर आणू नये.' त्या दुसऱ्या फॉन्टमध्ये सगळी अक्षरं सेमच होती. फक्त 'ह' च्या जागी 'द' बसला होता. आमच्या घरात कुणाच्याच नावात 'ह' नाही, हा काय माझा दोष?

"दादा!" मीना ओरडली. "माझा नवरा रादुल?"

मी धावत प्रेसवर गेलो. "जिग्नेशभाई, चेंज करो!"

"कैसे करूँ? ये तो पीडीएफ है," ते शांतपणे म्हणाले. "इसमें चेंज होता ही नहीं. आप ही बोला था."

मी घरी परतलो तोवर डोंबिवलीहून फोन येऊन गेला होता. बाबांचा चेहरा पडला होता. "वकीलसाहेब म्हणाले, जन्मभर कोर्टात वाद घातले, पण वादाची छापील निमंत्रणं आजवर कुणी पाठवली नव्हती."

"म्हणजे ते हसले ना?" मी आशेने विचारलं.

"हसले नाहीत. विहीणबाई तर म्हणतायत हा अपशकुन आहे. लग्नाच्या आधीच विवाद! दोघं उद्या इथे येतायत बोलायला."

मीना आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. एरवी ती माझ्यावर ओरडून मोकळी व्हायची. ती गप्प बसली, की प्रकरण गंभीर असायचं.

बाबांनी भावोजींना फोन लावला. भावोजी दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाले, खिशात मूळ फॉन्टची सीडी, चेहऱ्यावर विजयी स्मित. "सांगितलं होतं!" एवढंच बोलले. (एकूण अकरा वेळा बोलले, पण एवढंच.) आम्ही वर्डची फाईल आणि सीडी घेऊन प्रेसवर गेलो. जिग्नेशभाईंनी फॉन्ट टाकला, फाईल उघडली. सगळे 'ह' परत आले होते! पण ओळी सरकल्या होत्या. पहिल्या पानाच्या तळाशी 'चि. सौ. कां. मीना' एकटीच. दुसऱ्या पानावर राहुल एकटाच.

"हे काय?" मी विचारलं. "लग्नाआधीच वेगळे राहतायत?"

"थांब, एक एंटर काढतो," भावोजी म्हणाले. त्यांनी एंटर काढला. राहुल वर आला आणि गणपती खाली गेला. गणपती वर आणला तर मुहूर्तच नाहीसा झाला. जेवायच्या वेळेला जिग्नेशभाईंनी आम्हाला दोघांनाही हात जोडून बाहेर काढलं.

संध्याकाळी वकीलसाहेब आणि विहीणबाई आले. वकीलसाहेबांच्या हातात आमची पत्रिका होती, एकूण एक चुकीच्या 'द' भोवती लाल पेन्सिलने गोल काढलेला.

"झालं कसं हे?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता.

"पीडीएफमुळे!" भावोजी म्हणाले.

"पीडीएफचा काही संबंध नाही! तिला जे दिलं तेच तिने जपलं!"

"चूक जपली!"

"तुमच्या वर्डने तर गणपती तळाला नेला!"

"तो निदान परत आणता येत होता!"

"विवादस्थळ बरोबरच छापलंय म्हणायचं," वकीलसाहेब म्हणाले.

कुणीही हसलं नाही. तेवढ्यात आतलं दार उघडलं. मीना बाहेर आली, तिच्या बोटांना शाई लागली होती. तिने एक कागद विहीणबाईंच्या हातात दिला. अख्खी पत्रिका तिने स्वतः, शाईच्या पेनाने लिहिली होती. कडेने वेलबुट्टी, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ तिची स्वतःची: 'मी वाट बघतेय, नक्की या. मीना.'

"आई," ती त्यांना हळूच म्हणाली, "हीच जशीच्या तशी छापली तर चालेल?"

विहीणबाईंनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं. "अपशकुन कसला गं! आमच्या घरात आजवर कुठल्या नवरीने स्वतःच्या हाताने बोलावणं धाडलंय?"

बाबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरच्या सगळ्या विवादपत्रिका उडाल्या.

जिग्नेशभाईंनी मीनाचं अक्षर जसंच्या तसं छापून दिलं. लग्नात सगळीकडे पत्रिकेचीच चर्चा! जेवणाच्या रांगेत राहुलच्या काकांनी मला गाठलं. "फारच सुरेख फॉन्ट हो! कुठला?"

"बाजारात मिळत नाही," मी छाती फुगवून म्हणालो. "घरगुती आहे."

"मला कॉपी करून द्याल?"

"कॉपी नाही होणार. कट-पेस्ट झालाय," मी स्टेजवरच्या मीनाकडे बोट दाखवलं. "आजपासून तुमच्याकडेच."

काकांना काही कळलं नाही. मग पलीकडे उभ्या असलेल्या भावोजींना त्यांनी हळूच विचारलं, "यांना लग्नाच्या धावपळीचा ताण आलाय का?"

"छे हो," भावोजी श्रीखंडाची तिसरी वाटी संपवत म्हणाले, "ही फाईल मुळातच करप्ट आहे."