साबणाने धुतलेले सापळे

काल शेजाऱ्याच्या ओटीवर पाण्याच्या पेल्याला लिंबाच्या साबणाचा वास आला आणि पाहणीची ती सकाळ आठवून मला शिसारी आली. आमचा गाव फळमाशीमुक्त म्हणून मान्य झाला असता, तर इथला हापूस थेट परदेशी गेला असता; त्यासाठी बागाबागांत माशी पकडणारे सापळे टांगले होते. माझ्या चुगलीमुळे ती मान्यता हुकली, असे गावात आजही सांगतात. ते साफ खोटे आहे. मी चकार शब्द काढला नव्हता. पाहणीला आलेल्या अधिकारी बाईंना माझ्या आंब्याच्या कलमावरच्या सापळ्याचे झाकण तेवढे उघडून दाखवले. आत चार मेलेल्या माश्या होत्या. "काका, आधीच ओतून टाकायचात की! गावाचं वाटोळं करताय काय?" हाच शेजारी माझ्या कानाशी पुटपुटला. त्याचे सापळे लखलखीत होते, मात्र बागेच्या दगडी गडग्यापलीकडे त्याने ओतलेल्या सडक्या आंब्यांत अळ्या वळवळत होत्या. "आमच्याकडं माशी नायच, बाईसाहेब," तो छातीठोकपणे म्हणाला. बाईंनी त्याचा सापळा नाकाशी नेला. "माशी नाही, मुंगी नाही, आणि आमिषाऐवजी साबणाचा वास?" त्या म्हणाल्या. "माशी असली तर उपाय सांगता येतो. याला काय सांगू?" आणि त्यांनी वही मिटली. त्या दिवसापासून मी गावाचा वैरी ठरलो, याची मला तिळमात्र खंत नाही. काल घसा कोरडा पडला होता, तरी तो पेला मी भरलेलाच ओटीवर ठेवला आणि घरी येऊन पाणी प्यालो.