अनवाणी घोडी

त्या संक्रांतीला सासऱ्यांची टांग्याची घोडी पुढच्या दोन्ही पायांनी लंगडायला लागली. ते पाय पुढे ताणून, सगळा भार मागे टाकून ती उभी राहायची. माळेगावला आमच्या चहूबाजूंनी ऊसतोड चालू होती. सासऱ्यांनी माया वाढवली. सकाळी उसाच्या हिरव्यागार शेंड्यांची, वाढ्याची पेंढी, संध्याकाळी गुळाचा खडा. नालबंदाने जाड नाल ठोकले. घोडी जास्तच बसून राहू लागली.

बाजारातला व्यापारी येऊन तिचे दात बघून गेला. लंगडं जनावर तो कापायलाच नेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत.

माझं माहेर इंदापूरकडचं, मेंढपाळाचं. लहानपणी मेंढरांमागे आमचं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर फिरायचं. त्या घोड्यांना दोन गोष्टी कधी मिळाल्या नाहीत, नाल आणि गूळ. असं लंगडणारं त्यातलं एकही मला आठवेना.

"मामा, नाल काढू. गूळ आणि वाढं बंद करू."

"अनवाणी घोडी? सूनबाई, ही टांग्याची हाय, मेंढरांमागची न्हाय."

"टांगा आता कुठं ओढतीय? आधी उभी तर राहू द्या."

त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. "दसऱ्यापातूर बघू. म्होरं तिचं हाल माझ्यानं बघवायचं न्हाईत."

नालबंदाने नाल उचकटले आणि कानशीने खुरांच्या कडा घासून दिल्या. "अपेश माझ्या माथी मारू नका, वहिनी," एवढं बजावून गेला. मी कोरडा कडबा सुरू केला. आधी तिला ओढ्याच्या वाळूत हिंडवली, मग मातीच्या वाटेनं, पावसाळ्यानंतर मुरमावर. सासरे उंबऱ्यात बसून म्हणायचे, "घोडीला बी सासुरवास लागला की गं!"

एकदा खूर धुताना मला दिसलं. केसांच्या खालून नवा खूर उतरत होता, सरळ, गुळगुळीत, काळाभोर. त्याखाली जुना, फाकलेला, खिळ्यांच्या भोकांचा. मध्ये कड्यासारखी रेघ. दर अमावास्येला बघावं तर रेघ आणखी खाली सरकलेली. मी बाळंतपणं पाहिलीत, कोरड्या माळावर बोअरला पाणी लागताना पाहिलंय. पण जनावर उभ्या उभ्या स्वतःचा पाय नव्याने घडवतं, हे बघताना हातातली बादली खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मी काय केलं होतं? खिळे आणि गूळ तेवढा बाजूला केला होता.

दसऱ्याला ती रेघ जमिनीला टेकली. सासऱ्यांनी घोडीला झेंडूची माळ घातली आणि लगाम धरून मुरमाच्या रस्त्यावर पळवली. नालांचा खटखटाट नव्हता, नुसता भरीव धप धप आवाज. टाच आधी टेकवत, पाय मोकळे टाकत ती त्यांना ओढून नेत होती.

धापा टाकत ते परत आले. सवयीनं त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढला. घोडीनं मान पुढे केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खडा आपल्याच तोंडात टाकला.

"तुला न्हाय, बाई," ते घोडीला म्हणाले. "सूनबाई बघतीया."