समितीवरची एक जागा

फोंडाघाटला आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. गावची बी मे महिन्यात संपते. पुढे समुद्रापलीकडच्या एका देशातून आलेल्या बीवर काम चालतं. ती पोती बरेचदा दमट येतात. तोंड उघडलं की बुरशीचा वास, आणि निवडणाऱ्या बायकांच्या सुपात काळे पडलेले गर.

काही वर्षांपूर्वी आपल्या आणि त्या देशाच्या सरकारने मिळून व्यापार समिती नेमायचं ठरवलं. लहान कारखानदारांसाठी तिच्यात एक जागा होती. आमच्या कारखानदार संघाने माझं नाव सुचवलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? माझी माहिती मराठीत पाठवली, तर सरकारी कार्यालयाने इंग्रजीत मागितली. इंग्रजीत पाठवली, तर चारित्र्याचा दाखला राहिला म्हणाले. त्यासाठी पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. मग कित्येक महिने काहीच नाही. फोन करावा, तर साहेब बैठकीत.

नेमणूक झाल्याचं मला नेमलेल्या माणसाच्या फोनवरूनच कळलं. मुंबईतले सुक्या मेव्याचे व्यापारी. बोलायला अगदी नम्र.

"ताई, कारखान्यातलं मला फारसं कळत नाही. चार मुद्दे लिहून द्याल?"

बघते म्हणून मी फोन ठेवला आणि संतापाने सगळं बोलून दाखवलं. आमच्याकडे सगळ्यात जुनी असलेली निवडणारी बाई जवळच होती. ती म्हणाली, "बाये, कित्याक लिवन दितंस? नाव त्येचाच होतला."

तिचं बरोबर होतं, लिहिणार मी आणि नाव होणार त्यांचं. तरी मी बसून दोन पानं लिहिली. परक्याच्या तोंडून का होईना, दमट बीचा विषय तिथे निघावा, एवढंच वाटत होतं.

दोन महिन्यांनी बैठकीचा वृत्तान्त हाती आला. त्यात लिहिलं होतं, 'ओल्या काजूगरांच्या व्यापाराला दोन्ही बाजूंनी प्रोत्साहन द्यावे.' ओले काजूगर म्हणजे आम्ही फेब्रुवारी-मार्चात उसळीला घालतो ते कोवळे गर. मी लिहिलेल्या 'ओल्या माला'च्या तक्रारीची त्यांनी मागणी करून टाकली होती.

मी लगेच फोन लावला. त्यांनी मनापासून माफी मागितली, पुढच्या बैठकीत दुरुस्ती करतो म्हणाले. ती कधी, विचारलं. ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शेडमध्ये जाऊन बायकांना सांगितलं, तेव्हा दोघी-तिघी पोट धरून हसल्या. मला हसू येईना. नवा माल आदल्या दिवशीच उतरला होता. मी पदर खोचला आणि पोती उन्हात ओतायला त्यांच्याबरोबर अंगणात गेले.