धाकटीच्या प्लॉटचा उतार

ऑफिसात सगळे तिला पाठीमागे ‘करवत’ म्हणत, कारण ती जातानाही कापायची आणि येतानाही. तिला हे नाव ठाऊक होतं, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं. नगररचना खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या उबेत तिचं टेबल होतं. टेबलावर दोन स्क्रीन. काम नकाशांचं, पण रेघोट्यांच्या नकाशांचं नव्हे. अख्ख्या शहरावर बारीक चौकोनांचं जाळं टाकलेलं असायचं, त्याला रास्टर म्हणतात. प्रत्येक चौकोनात एक आकडा, म्हणजे त्या जागेची उंची. शेजारशेजारच्या उंचींतला फरक सॉफ्टवेअरकडून काढून घेतला की जमिनीचा उतार कळतो. उतार फार, तो चौकोन लाल. सपाट तो हिरवा. लाल चौकोनात बांधकामाला परवानगी नाही.

घरी मात्र या कामाला काडीची किंमत नव्हती. धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहायची. पाहुणे आले की जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात ती सांगायची, “आमच्या जाऊबाई ना, ऑफिसात चित्रं रंगवतात.” भांडण कशावरून सुरू झालं ते विचारलं, तर थोरली सासूबाईंच्या पलंगाचं नाव घ्यायची आणि धाकटी पाण्याच्या मोटरचं. खरं तर पहिल्या दिवसापासूनच दोघींचा छत्तीसचा आकडा होता. पलंग आणि मोटर मागाहून आले. दोघे भाऊ शहाणे. त्यांनी कधीच कानांवर हात ठेवले होते.

धाकटीने जुन्या दगडखाणीजवळच्या आपल्या प्लॉटवर पाळणाघर बांधायला काढलं आणि तिला परवानगी नाकारली गेली. प्लॉट लाल चौकोनात होता.

नकाशा थोरलीनेच केला होता. करताना तो तुकडा कुणाचा, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण कळलं त्या दिवशी तिने कॅन्टीनमधून दुसरा चहा मागवला आणि चवीचवीने प्यायली.

संध्याकाळी धाकटी जिन्यातच उभी होती.

“झाला का जीव थंड?”

“कशाबद्दल म्हणतेस?”

“साळसूदपणाचा आव आणू नका. सगळं गाव सोडून माझाच प्लॉट बरा लाल झाला!”

“मी लाल करत नाही. जमीन असते तशी दिसते.”

“जमीन सपाट आहे, जाऊबाई. चेंडू ठेवला तरी घरंगळत नाही. तुम्ही मुद्दाम रंगवलाय.”

“मग कर तक्रार.”

“केलीय!” धाकटी म्हणाली आणि वर जाऊन तिने दार असं आपटलं की जिन्यातला दिवा फडफडला.

साहेब भांडणाला भिणारा माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरलीला केबिनमध्ये बोलावलं आणि बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. “मॅडम, तुमच्या घरातूनच तक्रार आलीय. हे काम मी दुसऱ्या कुणाला देऊ का?”

“दिलंत तर मी लबाडी केली असाच अर्थ होईल. नकाशा माझा आहे, पुन्हा मीच करणार. मग हवा त्याला तपासायला बसवा.”

तोवर विमानातून लेसरने मोजलेल्या नव्या उंची ऑफिसात आल्या होत्या. जुन्या जाळ्यातला एकेक चौकोन तीस मीटरचा होता, नव्यातला एका मीटरचा. प्लॉट आणखी लालभडक निघावा आणि धाकटीचं तोंड कायमचं बंद व्हावं, अशी मनोमन इच्छा धरूनच ती कामाला बसली.

प्लॉट हिरवागार निघाला.

जुन्या मोठ्या चौकोनांत प्लॉट आणि खाणीचा कडा एकत्र कोंबले गेले होते, आणि कड्याचा उतार प्लॉटच्या माथी बसला होता. आता कडा वेगळा दिसत होता, प्लॉट वेगळा. खाणीकडचा एक कोपरा तेवढा लाल. तिने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. झेरॉक्सवाल्याने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

मार्ग नव्हता असं नाही. असल्या बारीक रास्टरमध्ये झुडपं आणि ढिगारेही उतार म्हणून दिसतात, म्हणून उंची आजूबाजूच्या चौकोनांशी मिसळून जरा गुळगुळीत करून घ्यावी लागते. किती मिसळायची, हे करणाऱ्याच्या हातात. तिने आकडा वाढवला. खाणीची लाली पसरत पसरत प्लॉटवर चढली. कुणी विचारलं असतं तर तोंडावर फेकायला कारणही होतं. ती त्या लाल डागाकडे बघत राहिली. तिला बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचाच तिला संताप आला.

‘या बयेसाठी मी माझा नकाशा नासवू? एवढी लायकी नाही तिची.’

तिने आकडा पूर्ववत केला. हिरवा नकाशा साहेबांकडे पाठवला आणि खाली शेरा मारला: खाणीकडचा कोपरा मोकळा सोडावा आणि त्याला कुंपण घालावं.

परवानगी मिळाली. ‘कशी सरळ केली!’ म्हणून धाकटीने नात्यागोत्यात डांगोरा पिटला. जिन्यात गाठ पडली तेव्हा ती म्हणाली, “जाता जाता कोपरा खाल्लातच ना?”

“तो कोपरा खाणीत उतरतो. पोरं सांभाळायची आहेत तुला, की मोजून खाली सोडायची?”

“उपकार केल्यासारखं बोलू नका.”

“तुझ्यावर? उपकार कुत्र्यामांजरांवर करते मी.”

पाळणाघराच्या उद्‌घाटनाचं निमंत्रण थोरलीच्या नवऱ्याच्या एकट्याच्या नावाने आलं. तो जाऊन आला, शर्ट खुंटीला लावला आणि वाद टाळायला पंख्याकडे बघत बसला.

“कुंपण घातलंय?” तिने विचारलं.

“घातलंय की.”

“भिंतीचं की तारेचं?”

“तारेचं. दोन पदरी.”

“त्यातून पोर सहज सरकेल.”

“जाऊ दे ना आता,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. “एकदाचं मिटलंय.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचताच तिने कुंपणाबद्दल लेखी तक्रार दिली, खाली स्वतःची ठसठशीत सही करून. खात्याचा माणूस जाऊन पाहून आला. पाळणाघर बंद ठेवावं लागलं आणि पक्की भिंत घातल्यावरच उघडलं. तेवढे दिवस वरच्या मजल्यावरून थोरलीच्या माहेरचा उद्धार चालू होता. खाली ती शांतपणे भाजी निवडत होती, आणि एखादा शब्द नीट ऐकू आला नाही तर जिन्यात येऊन विचारत होती, “काय म्हणालीस?”