हुमनाबादच्या वाटेवरचे बिनधुराचे धुराडे

हुमनाबादजवळच्या एका तेलगिरणीत बॉयलरचा फर्नेस ऑइलवर जळणारा जुना बर्नर काढून गॅसवर चालणारा, कमी प्रदूषण करणारा नवा बसवला होता. तो पेटवून, तपासून देण्याचे काम आमच्या कंपनीने प्रथमच माझ्या एकटीवर सोपवले. चाचणी फसली, तर गिरणीचे साहेब जुनाच बर्नर परत चढवणार होते. वर्गात उत्तर ठाऊक असूनही हात वर न करणारी मुलगी मी. पिशवीतली अवजारे दोनदा मोजूनच लातूर सोडले.

औसा, किल्लारी करत सकाळीच उमरगा गाठावे. तिथून कर्नाटकची बस मिळते. वाटेत राजेश्वर, माझे आजोळ. मामा थांब्यावर भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन उभे होते. खिडकीतून डबा देत ओरडले, "सगळ्या गावाला सांगितलंय, भाची बॉयलर नवा करायलीय म्हणून! संध्याकाळी बघायला येतो!"

साऱ्या बसने माझ्याकडे पाहिले. मी डब्याकडे पाहिले.

हुमनाबादला उतरल्यावर सुसला-भजी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा झणझणीत प्रकार भित्र्या पोटालाही धीर देतो. पाचशेच्या नोटेत नाश्त्यासह जाणे-येणे सहज भागते.

बॉयलर सांभाळणारे वीरभद्र अण्णा इथले जुने कामगार. ज्योत पिवळीधमक असते, हा त्यांचा आजवरचा अनुभव. मी बर्नर पेटवला. त्यांनी काचेतून आत डोकावले आणि तडक बर्नर बंद करायचे लाल बटण दाबले.

"विझलं की, अक्का! आत काहीच न्हाई."

"विझली नव्हती, अण्णा. ज्योत निळी आहे, फार फिकट. विझली असती, तर यंत्राने गॅस आपोआप तोडला असता."

"न दिसणारी आग? भूत बसवलं का काय आत?"

भोवती जमलेले कामगार हसले. शेजारी उभ्या साहेबांनी मात्र कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या बर्नरकडे पाहिले. ती नजर मला पुरेशी कळली.

पुन्हा पेटवला. अण्णांचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

"हात काढा!"

हा आवाज माझा होता, हे मलाच क्षणभर उमगले नाही. "काच नका बघू, अण्णा. वाफेचा काटा बघा."

काटा बराच वेळ हलेना. मग तो किंचित थरथरला.

"चढायलाय," अण्णा पुटपुटले. मग मोठ्याने, "अवो साहेब, चढायलाय की!"

धुराड्यात नळी घालून वायू मोजले, तेही मर्यादेच्या आत. साहेबांनी आकडे पुन्हा एकदा वाचले आणि म्हणाले, "जुना भंगारात टाका." अण्णांनी पूजेला आणलेला नारळ माझ्या हातात दिला. "तुमी फोडा. पेटवलंय तुमी."

संध्याकाळी मामा खरेच आले, शेजाऱ्यांना घेऊन. सगळे माना वर करून धुराड्याकडे पाहत राहिले.

"बंद पडलं का गं?" मामांनी हळूच विचारले.

"चालू आहे, मामा."

"मग धूर कुठंय?"

"अवो, आमच्या अक्कानं खाल्ला त्यो!" अण्णा मागून म्हणाले.

मामा शेजाऱ्यांकडे वळले. "बघा, म्हणलं नव्हतं?"

लातूरला परतल्यावर आईला मोबाइलवर काढलेला चालू धुराड्याचा फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "ह्यात तर धुराडं अन् नुसतं आभाळ हाय."

"हो," मी म्हणाले. "ते आभाळ माझं काम आहे."