बाईंची कमरेतली लस

नव्वदचं दशक सरत आलं होतं. भामरागडच्या वाटेवरच्या एका लहानशा दवाखान्यात मी नुकतीच नर्स म्हणून लागले होते. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस आम्हा कर्मचाऱ्यांना पहिल्यांदाच मिळाली. सहा महिन्यांत तीन डोस घ्यायचे होते आणि टोचायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दंडातच द्यायची."

सगळ्यांनी निमूट दंड पुढे केला. अडून बसल्या त्या आमच्या मोठ्या बाई. बाळंतपणाची खोली वीस वर्षं त्यांच्या ताब्यात. अर्ध्या तालुक्याची नाळ त्यांनीच कापलेली. आमच्याकडच्या पेशंटला कमरेत टोचल्याशिवाय इंजेक्शन घेतल्यासारखं वाटतच नसे, आणि बाईंचंही तेच.

"दंडात काऊन? मले काय लेकरू समजून राह्यली का? कमरेत दे."

माझी काय टाप होती नाही म्हणायची! तिन्ही वेळा कमरेत दिली आणि रजिस्टरात तिन्ही वेळा सुवाच्य अक्षरात 'दंड' लिहिलं.

मग अँटिबॉडी तयार झाल्या का ते पाहायला सगळ्यांचं रक्त नागपूरला गेलं. निकालात आमचा काडीपैलवान ड्रायव्हर पास झाला, झाडूवाली मावशी तर पहिली आली. बाई सपशेल नापास.

"कमरेतल्या चरबीत ही लस नीट लागू पडत नाही," डॉक्टर म्हणाले. "बाई, तुम्हाला कुठे दिली होती?"

मी हातातलं रजिस्टर छातीशी घट्ट धरलं.

"दंडातच जी," बाई म्हणाल्या. "रजिस्टर पाहा ना."

"मग तुमचं शरीरच लसीला दाद देत नाही. बाळंतपणं बंद. रक्ताशी इतका संबंध नको."

बाईंची रवानगी औषधांच्या खोलीत झाली. तिथे त्या गोळ्यांच्या पुड्या बांधत, आणि पलीकडून कुणी कळांनी ओरडलं की पुडी सांडत. मला अन्न गोड लागेना. एकदा एक पहिलटकरीण आली. आत मी घाबरलेली. बाई उंबऱ्याबाहेर, हात पाठीमागे बांधून, तिथूनच तिला धीर आणि मला शिव्या देत होत्या. मूल सुखरूप झालं. त्याला घ्यायला बाई एक पाऊल पुढे आल्या आणि थबकल्या.

ते मला बघवलं नाही. मी तशीच डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगून मोकळी झाले.

त्यांनी बाईंना बोलावलं. "खोटं का सांगितलंत?"

"पोरीची नोकरी नवी हाय. तुम्ही तिले काढून टाकलं असतं."

डॉक्टरांनी आम्हा दोघींना झापलं, मला जरा जास्तच, आणि पुन्हा तीन डोस लिहून दिले.

पहिल्या डोसला बाईंनी बाही वर केली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि माझ्या एप्रनचं टोक घट्ट पकडलं. जन्मभर लोकांना टोचणाऱ्या बाईंना स्वतःच्या अंगात सुई जाताना पाहवत नव्हती! कमरेच्या हट्टाचं खरं कारण हे होतं.

"झालं का वं?"

"अजून सुरूच नाही केलं, बाई."

तिन्ही डोसांना माझं एप्रन चुरगळलं.

नवा निकाल आला तेव्हा भर दुपार होती आणि आत एक बाळंतीण अडली होती. "बाई, पास!" मी ओरडले. पुढचा आकडा ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेल्या. मी कागद धरून तिथेच डोळे पुसत उभी.

आतून हाक आली, "दारात काऊन उभी राह्यली? ये आत. दारातून काईच करता येत नाई, मले माहीत हाय."